जावा मॉस: पहिल्यांदा लावणाऱ्यांसाठी

माशांच्या टाकीत पहिल्यांदाच वनस्पती लावणार असाल, तर सुरुवात जावा मॉसपासून करा. त्याला माती लागत नाही, मुळाशी पुरायच्या खताच्या गोळ्या लागत नाहीत, कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर लागत नाही आणि महागडा दिवाही लागत नाही. नळाचं पाणी असो की बोअरचं, नाशिकची थंडी असो की ठाण्यातला मे महिना, ते तग धरतं. पण तग धरणं वेगळं आणि छान वाढणं वेगळं. कितीतरी घरांत जावा मॉस जिवंत असतं, पण गाळानं माखलेला तपकिरी गोळा होऊन कोपऱ्यात पडलेलं असतं. तेच मॉस नीट बांधलं आणि वेळेवर कापलं, तर लाकडावर हिरवंगार पसरतं, कोळंबी त्यात दिवसभर चरत राहते आणि माशांची पिल्लं त्याच्या आडोशानं मोठी होतात. गोळा आणि गालिचा यांच्यातला फरक पैशाचा नाही, पद्धतीचा आहे. ती पद्धत इथे क्रमानं सांगते.

आधी थोडी ओळख

नववीच्या विज्ञानात ब्रायोफायटा हा गट येतो, ‘वनस्पतिसृष्टीचे उभयचर’ म्हणून. फ्युनारियाची आकृती वहीत काढली असेल, तर जावा मॉस हे त्याचंच दूरचं भावंड समजा. शास्त्रीय नाव टॅक्सिफायलम बार्बिएरी. जुन्या पुस्तकांत आणि काही दुकानांच्या पाट्यांवर मात्र व्हेसिक्युलेरिया डब्याना असं लिहिलेलं दिसेल. ते नाव दुसऱ्या मॉसचं आहे, ज्याला आता सिंगापूर मॉस म्हणतात. टाकीत वाढणाऱ्या मॉसच्या नावांचा हा गुंता सोडवण्यात सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात काम केलेल्या बेनिटो टॅन या तज्ज्ञांचा मोठा वाटा आहे. तुम्हाला यातलं एवढंच लक्षात ठेवायचंय की पाटीवरच्या नावावर फार विसंबू नका, समोरचं मॉस बघा.

त्याचं मूळ घर आग्नेय आशियातल्या उष्ण, दमट प्रदेशात आहे. तिथे ओढ्याकाठचे दगड, पाण्यात अर्धवट बुडालेली मुळं, ओलसर बुंधे यांवर ते वाढतं. पावसाळ्यात पाणी चढलं की बुडतं, उतरलं की पुन्हा हवेत येतं. म्हणून पाण्याखाली आणि दमट हवेत अशा दोन्ही ठिकाणी ते जगू शकतं. वर झाडांची सावली असते, त्यामुळे कमी उजेडाची सवय आहे. पाणी वाहतं असतं, त्यामुळे पानांवर गाळ साचून राहत नाही. टाकीत त्याला काय द्यायचं, ते या वर्णनातूनच कळतं.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे मॉसला खरी मुळं नसतात. धाग्यासारखे मूलाभ असतात, ते दगडाला धरून राहण्यापुरते. पाणी आणि क्षार वर पोचवणाऱ्या नळ्याही आत नाहीत. जेमतेम दोन मिलिमीटरचं ते पान बहुतेक ठिकाणी पेशींच्या एकाच थराचं असतं आणि लागेल ते सगळं थेट पाण्यातून शोषून घेतं. पुढच्या जवळजवळ प्रत्येक सूचनेमागे हेच कारण आहे. पानावर गाळ बसला की मॉसची उपासमार होते. गोळा जाड झाला की आतल्या पानांपर्यंत ताजं पाणी आणि उजेड पोचत नाही, ती कुजतात. आणि पाण्यात क्लोरीन किंवा तांबं असलेलं औषध पडलं, तर तेही थेट पानात जातं.

पहिली पायरी: चांगलं मॉस मिळवणं

उत्तम मॉस मिळतं ते दुसऱ्या हौशी माणसाकडून. ज्याच्याकडे जावा मॉस आहे, त्याच्याकडे ते कापून टाकण्याइतकं असतंच. ओळखीत कुणी नसेल, तर मुंबईत क्रॉफर्ड मार्केट आहे, आणि आता बहुतेक जिल्ह्यांच्या गावी रंगीत माशांची दुकानं आहेत. ऑनलाइनही मिळतं, पण उन्हाळ्यात मागवू नका. ओल्या कागदात गुंडाळलेलं मॉस पिशवीत काही दिवस सहज टिकतं, मात्र एप्रिलच्या दुपारी कुरिअरच्या गाडीत ते शिजून निघतं. पावसाळा आणि हिवाळा हे मागवायचे दिवस.

विकत घेताना टोकं पाहा. वाढतं मॉस टोकांना फिकट, पोपटी असतं आणि आत गडद. सगळं एकसारखं गडद तपकिरी असेल, तर सोडून द्या. वास घ्या: ओल्या मातीसारखा असेल तर ठीक, गटारासारखा असेल तर आत कुजलंय. बारीक हिरवे केस गुंतलेले दिसले, तर फुकट मिळत असलं तरी घेऊ नका. ते केसाळ शेवाळ आहे आणि मॉसमधून ते पूर्णपणे काढणं जवळपास अशक्य असतं.

दुकानात शेजारीच ठेवलेल्या काही गोष्टींशी गल्लत होते. ख्रिसमस मॉसच्या फांद्या त्रिकोणी, खाली झुकणाऱ्या असतात, तर जावा मॉस कशाही दिशेनं अस्ताव्यस्त वाढतं. फ्लेम मॉस पिळदार होत सरळ वर जातं. रिक्सिया पाण्यावर तरंगतं, आणि ते लिव्हरवर्ट या मॉसच्या नात्यातल्या पण वेगळ्या गटातलं आहे. ‘मॉस बॉल’ म्हणून विकला जाणारा मखमली गोळा तर मॉस नव्हेच, ते शैवाल आहे.

एक प्रश्न हमखास विचारला जातो: पावसाळ्यात कुंपणाच्या भिंतीवर उगवतं ते मॉस टाकीत चालेल का? नाही. ती जमिनीवरची जात आहे, पाण्याखाली काही आठवड्यांत मरते आणि कुजून पाणी खराब करते. सह्याद्रीतल्या ओढ्यांतून, देवराईतून मॉस खरवडून आणणं तर पूर्ण टाळा. दगडावरची ती गादी बसायला कित्येक पावसाळे लागलेले असतात आणि तिच्यात असंख्य छोटे जीव राहत असतात.

दुसरी पायरी: धुणं, निवडणं, वेगळं ठेवणं

आणलेलं मॉस लगेच टाकीत टाकू नका. बादलीत टाकीचं किंवा क्लोरीन उडालेलं पाणी घ्या आणि मॉस त्यात हलक्या हातानं खळबळा. गाळ खाली बसेल. पाणी बदलून पुन्हा खळबळा, पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. मग पांढऱ्या ताटात थोडं पाणी घेऊन मॉस त्यात पसरा. पांढऱ्यावर सगळं दिसतं: गोगलगायींच्या अंड्यांचे पारदर्शक चिकट ठिपके, डकवीड या पाण्यावर तरंगणाऱ्या इवल्या वनस्पतीची पानं, शेवाळाचे धागे. सपाट, बाणासारख्या डोक्याचा छोटा किडा सरपटताना दिसला, तर तो प्लॅनेरिया. हे सगळं चिमट्यानं काढा. तपकिरी, ठिसूळ झालेले भागही इथेच कापून टाका.

यानंतर मॉस दोन आठवडे वेगळ्या बरणीत किंवा टबात, उजेडाच्या जागी पण थेट ऊन लागणार नाही असं ठेवा. दर तीन-चार दिवसांनी पाणी बदला. कोळंबी पाळणाऱ्यांसाठी ही पायरी चुकवण्यासारखी नाही, कारण टाचणी आणि चतुर हे कीटक पाणवनस्पतींवर अंडी घालतात. त्यातून निघणारी अळी सुरुवातीला डोळ्यांना दिसतही नाही; पुढे मोठी होते आणि कोळंबीची पिल्लं एकेक करून फस्त करते. बरणीत ती दिसली तर काढून टाकता येते, टाकीत ती महिनोन्‌महिने लपून राहते.

गोगलगायी मारायला ब्लीच, पोटॅश (पोटॅशियम परमँगनेट) असले उपाय सुचवले जातात. नवख्यांनी त्यात पडू नये. मात्रा थोडी चुकली तरी मॉस पांढरं पडतं.

तिसरी पायरी: कशावर लावायचं

खडबडीत पृष्ठभाग हवा, एवढीच अट. ड्रिफ्टवूड उत्तम. नवीन लाकूड आठवडाभर भिजत घाला आणि पाणी बदलत राहा, म्हणजे ते बुडेल आणि त्याचा चहासारखा रंगही कमी होईल.

दगडाच्या बाबतीत महाराष्ट्रात राहणाऱ्यांची चंगळ आहे. आपला काळा बेसॉल्ट, त्यातही भोकाभोकांचा, मॉससाठी फार छान. भोकांत मूलाभांना पकड मिळते आणि बेसॉल्ट सहसा पाण्याचा जडपणा वाढवत नाही. भोकांत पांढरे स्फटिक भरलेले असतील, तर त्यांच्यावर व्हिनेगर किंवा लिंबू पिळा. फसफसलं तर तो चुनखडीचा अंश, दुसरा दगड घ्या. दगड ब्रशनं घासून त्यावर गरम पाणी ओता. पातेल्यात घालून उकळू मात्र नका, आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन दगड फुटू शकतो.

मॉसची भिंत किंवा गालिचा करायचा असेल तर जाळी लागेल. हार्डवेअरच्या दुकानात ‘स्टेनलेस स्टीलची’ असं स्पष्ट सांगून घ्या. साध्या जीआय जाळीवर जस्ताचा मुलामा असतो. ते जस्त पाण्यात उतरतं आणि कोळंबी, गोगलगायींना घातक ठरतं.

चौथी पायरी: बांधणं

इथे सगळा खेळ आहे आणि इथेच सगळ्यांचा हात सैल सुटतो. मॉस जास्त लावलं जातं. पातळ लावा. इतकं पातळ, की मधूनमधून खालचं लाकूड दिसलं पाहिजे. तळहाताएवढ्या लाकडाला लिंबाएवढा मॉसचा गोळा पुरून उरतो. पहिल्या दिवशी ते विरळ आणि केविलवाणं दिसेल, दिसू द्या. वरची पानं खालच्यांना झाकत नसल्यामुळे प्रत्येक तुकड्याला पाणी आणि उजेड मिळतो, आणि प्रत्येक तुकड्यातून नवी फांदी फुटते. जाड थर पहिल्या दिवशी भरगच्च दिसतो आणि महिन्याभरात खालून कुजून सगळाच्या सगळा सुटून वर येतो.

कात्रीनं मॉसचे एक-दोन सेंटिमीटरचे तुकडे करा. लाकूड ओलं करून त्यावर ते पसरा. मग दोरा. अनेक जण सुती दोरा वापरायला सांगतात, कारण तो काही आठवड्यांनी कुजून नाहीसा होतो. ख्रिसमस मॉससारख्या घट्ट धरणाऱ्या जातींना तो ठीक आहे. जावा मॉसची पकड सैल असते. दोरा कुजेपर्यंत त्यानं लाकूड धरलेलंच नसतं आणि मॉस तरंगायला लागतं. म्हणून मी गळाची बारीक तंगूस वापरते, शक्यतो हिरवी किंवा पारदर्शक. एका टोकाला गाठ मारा, दोन बोटं अंतर ठेवून वेटोळे घ्या, मग उलट दिशेनं तिरपे वेटोळे घ्या, म्हणजे चौकटी तयार होतील. दोरा मॉसवर टेकला पाहिजे, रुतता कामा नये. शेवटी गाठ लाकडाच्या मागच्या बाजूला, आणि सुटं टोक अगदी जवळ कापा. लांब सुटलेल्या तंगुसात मासे अडकतात.

जिथे दोरा गुंडाळता येत नाही, तिथे सुपरग्लू. त्यातलं सायनोअ‍ॅक्रिलेट पाण्यात घट्ट होतं आणि एकदा घट्ट झालं की माशांना अपाय करत नाही. जेल प्रकारचा घ्या, पातळ गोंद ओघळतो. लाकूड फडक्यानं टिपा, मॉस हलकं पिळा, मोहरीएवढे ठिपके थोड्या थोड्या अंतरावर द्या आणि मॉस चिमट्यानं दाबून धरा. बोटानं दाबलंत तर बोटच चिकटेल. गोंद लागलेला भाग मरतो, म्हणून ठिपके छोटे हवेत. वाळलेल्या गोंदाचे पांढरे डाग वाढत्या मॉसखाली झाकले जातात.

जाळीची पद्धत सोपी आहे. दोन जाळ्यांच्या मध्ये मॉसचा पातळ थर ठेवून चारी कडा तंगुसानं शिवून टाका. फांद्या भोकांतून बाहेर येतील. आडवी ठेवली तर गालिचा, मागच्या काचेला सक्शन कपवर लावली तर भिंत. भिंत लावताना काच आणि जाळी यांच्यात मासा शिरून अडकणार नाही, एवढं पाहा.

पावसाळ्यात करून पाहावी अशी आणखी एक रीत आहे. मॉस अगदी बारीक चिरा, ओल्या दगडावर किंवा लाकडावर पातळ फासा, आणि तो दगड झाकणाच्या पारदर्शक डब्यात तळाशी थोडं पाणी ठेवून बंद करा. रोज एकदा झाकण उघडून फवारा मारा. थेट ऊन नको. पाण्याबाहेर मॉसला हवेतला कार्बन डायऑक्साइड मुबलक मिळतो, त्यामुळे पाण्यातल्यापेक्षा दगडावर त्याची पकडही चांगली बसते. दीड-दोन महिन्यांनी दगड टाकीत सोडा. कोकणात आणि मुंबईत जुलै-ऑगस्टच्या हवेत हे काम जवळपास आपोआप होतं.

पाचवी पायरी: पाणी, उजेड, ऊब

महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं. बादली एक दिवस उघडी ठेवली की साधं क्लोरीन उडून जातं. घाई असेल, किंवा तुमच्या भागात पाण्यात क्लोरामाइन वापरत असतील, तर दुकानात मिळणारं अँटिक्लोरिन बाटलीवरच्या मात्रेनं घाला. क्लोरामाइन नुसतं ठेवून उडत नाही. बोअरचं जड पाणी जावा मॉसला चालतं. सामू ५ ते ८ च्या दरम्यान कुठेही असला तरी ते कुरकुर करत नाही. आरओचं पाणी मॉससाठी म्हणून विकत घ्यायची काही गरज नाही.

उजेड साध्या एलईडीचा, दिवसाला सहा ते आठ तास. स्वस्तातला टायमर लावा, कारण दिवा रात्री बंद करायचा राहिला की शेवाळाची मेजवानी होते. खिडकीतून थेट ऊन येतं तिथे टाकी नको. मॉसला जास्त उजेडाचा फायदा थोडा होतो, शेवाळाला भरपूर होतो.

पाणी हळू हलतं ठेवा. स्पंज फिल्टर पुरतो. त्यानं पानांवर गाळ बसत नाही आणि ताजं पाणी फिरत राहतं. दर आठवड्याला पाव भाग पाणी बदला. खताबद्दल म्हणाल तर माशांची विष्ठा हेच बहुतेक टाक्यांत पुरेसं खत असतं. मासे अगदी कमी असतील, तर पाण्यात घालायचं द्रवखत सांगितलेल्या मात्रेच्या निम्मं द्या. ‘लिक्विड कार्बन’ म्हणून जे मिळतं, त्यात बहुधा ग्लुटराल्डिहाइड असतं. ते जास्त झालं तर मॉस करपतं, म्हणून नवख्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

ऊब हा आपल्याकडचा खरा प्रश्न. जावा मॉसला २० ते २६ अंश सगळ्यात मानवतं, ३० पर्यंत ते चालवून घेतं. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात टाकीचं पाणी त्याच्या वर जातं. तेव्हा मॉस लगेच मरत नाही, पण वाढ थांबते, टोकं तपकिरी होतात आणि शेवाळ डोकं वर काढतं. उपाय स्वस्त आहे: टाकीचं झाकण काढा, त्या जागी मासे उडून बाहेर पडणार नाहीत अशी जाळी लावा आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका सोडा. बाष्पीभवनानं पाणी दोन ते चार अंश उतरतं. हे कूलरसारखंच आहे, कोरड्या हवेत जोरात चालतं, कोकणातल्या दमट हवेत कमी. पाणी भराभर उडेल, तेव्हा रोज भर घालावी लागेल. बोअरच्या पाण्यानं भर घालत राहिलात तर क्षार साठत जातात. या कामापुरतं आरओचं किंवा गाळून ठेवलेलं पावसाचं पाणी वापरा. उन्हाळाभर दिव्याचे तासही दोनेकांनी कमी करा.

पहिले तीन महिने

पहिले दोन आठवडे काहीच होणार नाही. काही पानं तपकिरी होतील, विशेषतः मॉस दुकानात पाण्याबाहेर वाढवलेलं असेल तर. धीर धरा आणि हात लावू नका. साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काचेला नाक लावून पाहा: जुन्या गडद फांदीच्या बगलेतून सुईच्या टोकाएवढा पोपटी कोंब निघालेला दिसेल. तो दिसला की मॉस रुळलं. लाकूड झाकायला दोन-तीन महिने लागतात. घाई करायला टाकीत काही घालू नका.

या काळात गाळ साचताना दिसला, तर हातानं किंवा मोठ्या ड्रॉपरनं मॉसवर पाण्याचा झोत सोडा. गाळ उडेल, तो सायफननं ओढून घ्या. पाणी बदलायच्या दिवशी हे करायची सवय लावली, तर बाकी अर्ध्या तक्रारी उद्भवतच नाहीत.

कापणी

मॉस दोन बोटं उंच झालं की कापायला घ्या. जीव कासावीस होतो, पण कापलेल्या प्रत्येक टोकाच्या खालून दोन-तीन नवे फाटे फुटतात, त्यामुळे कापलेलं मॉस दाट होतं आणि न कापलेलं लांबट, विरळ आणि आतून काळं. एक तृतीयांश उंची उतरवा. शक्य असेल तर लाकूड बाहेर काढून टबात कापा. टाकीतच कापावं लागलं, तर आधी फिल्टर बंद करा, कापतानाच सायफनची नळी कात्रीच्या जवळ धरा आणि उरलेले तुकडे बारीक जाळीनं गोळा करा. एकेक सुटा तुकडा जिथे अडकेल तिथे वाढतो: दुसऱ्या झाडांत, वाळूत, फिल्टरच्या तोंडात.

केसाळ शेवाळ दिसलं तर जुना टूथब्रश त्यात घालून काडीवर शेवया गुंडाळाव्यात तसा फिरवा, बरंचसं निघून येतं. मग दिव्याचे तास कमी करा, माशांना खाणं कमी घाला, पाणी बदला. अमानो श्रिंप, म्हणजे कॅरिडिना मल्टिडेंटाटा, हे शेवाळ आवडीनं खाते. टाकीत वनस्पतींच्या रचना करण्याची कला जगभर पोचवणारे जपानचे ताकाशी अमानो यांनी तिचा यासाठी वापर लोकप्रिय केला, म्हणून तिला त्यांचं नाव पडलं. काळं, दाढीसारखं शेवाळ धरलेला भाग मात्र कापूनच टाका. मॉस पूर्ण गुरफटलं असेल, तर स्वच्छ टोकं तेवढी कापून घेऊन नव्यानं बांधणं हे आठवडेच्या आठवडे झगडण्यापेक्षा बरं.

माशांना औषध द्यायची वेळ आली, तर मासा वेगळ्या टबात नेऊन द्या. तांबं असलेली औषधं कोळंबीला मारतात आणि मॉसलाही सोसत नाहीत.

मॉस कामाला लावा

मॉस नुसतं शोभेला ठेवणं म्हणजे त्याचा निम्माच उपयोग करणं. त्याच्या फांद्यांवर जिवाणूंचा आणि सूक्ष्म जिवांचा पातळ थर धरतो. चेरी श्रिंप या टाकीत पाळायच्या छोट्या कोळंबीचा दिवस हा थर खरवडून खाण्यातच जातो. तिची मादी तीन-चार आठवडे पोटाखाली अंडी बाळगते आणि बाहेर पडणारं पिल्लू हुबेहूब आईसारखं, फक्त दोनेक मिलिमीटरचं असतं. दाट मॉस नसलेल्या टाकीत ते माशांच्या तोंडी जातं. मॉस असेल तर निदान काही वाचतात, आणि कोळंबी एकटीच ठेवली असेल तर जवळजवळ सगळी.

माशांची पैदास पहिल्यांदा करून पाहणार असाल, तर झेब्रा मासा घ्या. तो मूळचा आपल्याच उपखंडातला आहे आणि अंडी विखरून टाकतो. दहा-पंधरा लिटरचा डबा घ्या, टाकीचंच पाणी वीतभरापेक्षा कमी उंचीपर्यंत भरा आणि तळ पूर्ण झाकेल एवढं मॉस मोकळं पसरा. इथे, एवढ्या एकाच ठिकाणी, मॉस जाड चालतं. संध्याकाळी पोट भरलेली एक मादी आणि दोन नर सोडा. अंडी बहुधा दुसऱ्या दिवशी पहाटे, उजेड पडल्या पडल्या टाकली जातात आणि मॉसच्या फटींतून खाली उतरतात. हेच मॉसचं काम, कारण आईबाप स्वतःची अंडी खायला टपलेलेच असतात. दुपारपर्यंत मोठे मासे बाहेर काढा. पाणी २८ अंशांच्या आसपास असेल तर अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात. पांढरी पडलेली अंडी फळलेली नसतात, ती ड्रॉपरनं काढा, नाहीतर त्यांवरची बुरशी पसरते. पिल्लं आधी काचेला आणि मॉसला चिकटून राहतात, साधारण पाचव्या दिवशी पोहू लागतात. त्यांचं पहिलं खाणं मॉसमधले सूक्ष्म जीव. म्हणून या डब्यातलं मॉस जुन्या, रुळलेल्या टाकीतलं हवं, नुकतंच धुतलेलं नको. चार-पाच दिवसांनी ताजी आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या इवल्या जिवांची नुकती निघालेली पिल्लं, सुरू करा.

आपल्या देशी पट्टेदार पँचॅक्ससाठी, म्हणजे अ‍ॅप्लोकायलस लिनिएटससाठी, मॉस तळाला नव्हे तर वर हवं. तो पृष्ठभागाजवळ राहतो आणि वनस्पतींना अंडी चिकटवतो. बुचाला बांधलेला मॉसचा झुबका तरंगत सोडा, दोन-तीन दिवसांनी तो झुबकाच उचलून वेगळ्या बरणीत ठेवा. अंडी फुटायला दोनेक आठवडे लागतात.

गोल्डफिश असतील तर मॉसची आशा कमी ठेवा. ते फांद्या ओढतात, चघळतात आणि वर गाळ उडवतात.

पाण्याबाहेरही जावा मॉस कामी येतं: बंद काचेच्या टेरॅरियममध्ये, किंवा अर्धी जमीन, अर्धं पाणी अशा टाकीत काठावर. अट एकच, ते सतत ओलं राहिलं पाहिजे. दिवाणखान्यातल्या उघड्या कुंडीत फवारे मारून ते जगेल असं कुणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका. मराठवाड्यातल्या मार्चमध्ये तर ते दोन दिवसांत कुरकुरीत होतं.

कापलेल्या मॉसचं काय करायचं

वर्षभरात तुमच्याकडे गरजेपेक्षा कितीतरी जास्त मॉस होईल. नवीन टाकी करणाऱ्याला धुऊन, निवडून द्या. उरलेलं ओढ्यात, तळ्यात, विहिरीत किंवा गणपतीच्या विसर्जनाच्या घाटावर सोडू नका; तसंच मासे, कोळंबी किंवा टाकीचं गाळ-पाणीही सोडू नका. डासांसाठी म्हणून सोडलेले गप्पी मासे आज देशभरातल्या पाण्यांत जाऊन बसलेत, आणि मॉसच्या तर नखाएवढ्या तुकड्यातूनही नवं रोप वाढतं. शिवाय त्याच्यासोबत परदेशी गोगलगायींची अंडी जातात. सह्याद्रीतल्या ओढ्यांत जगात दुसरीकडे कुठेही नसलेले मासे राहतात. टाकीचं बदललेलं पाणी कुंड्यांना घाला, झाडांना ते फार मानवतं. कापलेलं मॉस वर्तमानपत्रावर पसरून कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवा, हातात चुरा होईल इतकं, आणि मग कंपोस्टच्या डब्यात टाका.